पोळी, भात, पाव, पोहे कोशेर असतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोशेर म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खायला चालणारं. हे प्रश्न मला विचारतात ते बहुतेक करून घरी ज्यू पाहुणा जेवायला येणार असलेले यजमान, बेकरीवाले आणि धान्याचे व्यापारी. त्यांच्याइतक्याच वेळा आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजातली तरुण मुलं विचारतात. त्यांच्या आजीला सगळं ठाऊक होतं, पण विचारायचं राहून गेलं. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिलं आहे. इथली उत्तरं सर्वसाधारण नियमांची आहेत. एखाद्या खास वस्तूबद्दल शंका असेल तर शेवटचा शब्द आपापल्या रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा.

धान्य मुळात कोशेर असतं का?

असतं. तोरातले (मोशेच्या पाच पुस्तकांतले) खाण्यापिण्याचे निर्बंध मुख्यतः प्राणी, पक्षी, मासे, किडे आणि रक्त यांच्याबद्दल आहेत. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियमही त्यांतच येतो. जमिनीतून उगवणारं कुठलंच धान्य मूळ रूपात वर्ज्य नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, डाळी, सगळं चालतं. किराणा दुकानातल्या पोत्यातले साधे तांदूळ घ्यायला कोणाच्या कोशेर शिक्क्याची गरज नाही. साधी कणीक, मैदा आणि रवा यांनाही एरवी शिक्का लागत नाही.

अडचण सुरू होते ती पुढे. धान्याला कीड लागली का, त्यात काय मिसळलं, ते कोणत्या भांड्यात शिजलं, कोणी शिजवलं, आणि पेसाहचा (वल्हांडणाचा) सण चालू आहे का? धान्याबद्दलचे जवळजवळ सगळे प्रश्न यांतल्याच कुठल्यातरी वळणावर येऊन थांबतात.

तांदळात टोके किंवा पिठात अळ्या झाल्या तर?

हा विषय लोक फार हलका समजतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नुसत्या डोळ्यांना दिसणारा किडा पूर्णपणे वर्ज्य आहे. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, मुंगी खाल्ली तर पाच आणि गांधीलमाशी खाल्ली तर सहा वेगवेगळ्या मनाया मोडल्या जातात, असा हिशेब दिला आहे. त्यामुळे काटेकोर कोशेर पाळणाऱ्या घरात वाटीभर तांदूळसुद्धा न बघता शिजत नाहीत.

उपाय आपल्या आया-आज्या करायच्या तेच आहेत. सुपात पाखडायचे, ताटात पातळ पसरून उजेडात निवडायचे, मग पाण्यात घालून वर तरंगणारं काढून टाकायचं. पावसाळ्यात तांदूळ, रवा, शेवया आणि पोहे फ्रीजमध्ये ठेवलेले बरे. मैद्यासाठी इस्रायलमधल्या घरांत अगदी बारीक जाळीची चाळणी वापरतात, साधारण इंचाला सत्तर छिद्रं असलेली. कणीक त्या जाळीतून जात नाही, कारण तिच्यात कोंडा असतो. म्हणून ती थोडी-थोडी ताजी दळून आणायची, थंड जागी ठेवायची आणि मळण्याआधी नीट पाहायची. पिठात जाळं दिसलं तर ते पीठ वापरायचं नाही, नुसतं जाळं काढून भागत नाही.

भिंगातूनच दिसतील असे जीव या नियमात येत नाहीत. दही आंबवणारे जीवाणू किंवा पावाचं यीस्ट यांबद्दल म्हणूनच प्रश्न उठत नाही.

पाकिटावर हिरवा ठिपका आहे. म्हणजे कोशेर झालं ना?

नाही. पण हिरव्या ठिपक्याची मदत मोठी होते, हेही तितकंच खरं. भारतात हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात मांस, मासे, अंडी किंवा प्राण्यांची चरबी घालता येत नाही. परदेशातल्या ज्यू ग्राहकाला बिस्किटात डुकराची चरबी तर नाही ना, ही जी चिंता असते, ती इथे बरीच कमी होते.

तरी हिरवा ठिपका कोशेरचे बरेच प्रश्न तसेच सोडतो. हिरव्या ठिपक्याला दूध चालतं, आणि दूध घातलेला पदार्थ मांसाच्या जेवणात खाता येत नाही. कोशेर चीजसाठी ज्यू देखरेख लागते, द्राक्षाच्या रसासाठी आणि वाईनसाठीही लागते. ठिपक्याचा त्याच्याशी संबंध नाही. कारखान्यात त्याच यंत्रावर आधी काय बनलं हेही ठिपक्यावरून कळत नाही.

उलट बाजूही आहे. अंडं भारतात मांसाहारी गणलं जातं, पण कोशेरमध्ये अंडं ना मांस, ना दूध. अशा तटस्थ पदार्थाला पार्वे म्हणतात. फोडल्यावर आत रक्ताचा ठिपका नसला की अंडं चालतं. म्हणून शाकाहाराचा आणि कोशेरचा हिशेब वेगवेगळा मांडायचा.

पोळी आणि भाकरी यांना नियम सारखेच लागतात का?

नाही, आणि महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरासाठी मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

ज्यू धर्मशास्त्रात पाच धान्यांना वेगळं स्थान आहे: गहू, जव, स्पेल्ट, राय आणि ओट्स. यांतल्या एक-दोन नावांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण आचार याच यादीवर चालतो. आपल्याकडचा खपली गहू हाही गहूच, त्यामुळे तोही यात आला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि मका या यादीच्या बाहेर आहेत.

या यादीवर बरंच काही अवलंबून आहे. पाच धान्यांच्याच पिठाच्या गोळ्यातून हल्ला नावाचा वाटा वेगळा काढावा लागतो (त्याबद्दल पुढे). त्यांच्याच पावावर किंवा पोळीवर हामोत्सी हा आशीर्वाद म्हणतात. पेसाहमध्ये तीच धान्यं आंबली तर हामेत्स, म्हणजे त्या सणात वर्ज्य, होतात. नव्या पिकाचा नियमही त्यांनाच लागतो. तांदूळ आणि बाजरीच्या जातीची धान्यं हल्लातून मोकळी आहेत, असं मिश्ना या तालमूदच्या मूळ भागातच स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणजे ज्वारीच्या भाकरीला यांतलं एकही बंधन नाही. तिच्यावर म्हणायचा आशीर्वादही साधा, पाणी पिताना म्हणतात तोच. तांदळाची भाकरी थोडी मधली: तिच्याआधी केकसारख्या पदार्थांवर म्हणतात तो मेझोनोत, पण जेवणानंतरची लांब प्रार्थना नाही. गव्हाच्या पोळीला मात्र पावाचा पूर्ण मान आहे. हात धुऊन, हामोत्सी म्हणून खायची, आणि नंतर पूर्ण प्रार्थना.

मिश्र पिठांची भाकरी असेल, म्हणजे ज्वारीत थोडी कणीक घातली असेल, तर ती गव्हाची धरूनच रब्बींना विचारा. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत गहू असतो, हे लक्षात असू द्या.

बेकरीतला लादीपाव चालतो का?

यात तीन अडचणी आहेत आणि तिन्ही आपल्याकडच्या बेकरीत रोज समोर येतात.

पहिली अडचण दुधाची. पाव मांसाबरोबर खाल्ला जाण्याचा संभव असतो, म्हणून पावाच्या पिठात दूध घालायला तालमूदच्या काळापासून मनाई आहे. घातलं तर तो पाव नुसता खाणंही वर्ज्य होतं. सवलत दोनच बाबतींत: पाव अगदी थोडा, एका वेळेस संपेल एवढाच केला असेल, किंवा त्याचा आकारच असा वेगळा ठेवला असेल की पाहताच ओळखावा. आपल्याकडे मऊपणासाठी पावात दुधाची पावडर घालतात, आणि भट्टीतून काढल्यावर वरून लोणी फिरवतात. चकाकणारा मऊ लादीपाव कोशेर पाळणाऱ्यासाठी नेमका म्हणूनच अवघड ठरतो. ब्रुन किंवा कडक पावात बहुतेक वेळा फक्त मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट असतं. तरी विचारून घ्यायचं.

दुसरी अडचण भट्टीची आणि ट्रेची. त्याच ट्रेवर चिकन पॅटिस किंवा खिमा पॅटिस भाजले असतील तर पावात चारच घटक असले तरी उपयोग नाही. फक्त पाव भाजणारी वेगळी भट्टी असेल तर प्रश्न सोपा होतो.

तिसरी अडचण पाव कोणी भाजला याची. गैर-ज्यू माणसाने भाजलेल्या पावावर जुनी बंदी आहे, पण धंद्यासाठी पाव भाजणाऱ्या बेकरीवाल्याचा पाव घ्यायला पुष्कळ समाज परवानगी देतात, कारण पावाशिवाय माणसाचं चालत नाही. १५६५ साली छापल्या गेलेल्या शुलहान आरुख या धर्मसंहितेत या सवलतीचा विचार आहे. रोश हाशाना (ज्यू नववर्ष) ते योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) या दहा दिवसांत मात्र सवलत घेणारेही ज्यू भट्टीचाच पाव शोधतात.

एखाद्या बेकरीवाल्याला खरोखर कोशेर पाव करायचा असेल तर माझा सल्ला असा: दूध, लोणी आणि मांस यांच्यापासून पूर्ण वेगळी एक भट्टी किंवा एक पाळी ठेवा. बाकीची व्यवस्था रब्बींच्या देखरेखीखाली लागते.

गैर-ज्यू घरची पोळी पाहुणा खाऊ शकतो का?

इथे एक गोष्ट लोकांना अनपेक्षित वाटते. बेकरीच्या पावाला जी सवलत आहे ती घरगुती पोळीला मिळत नाही. ओळखीच्या घरच्या पोळीचा नियम जास्त कडक आहे, कारण मूळ बंदीचा हेतू घरोघरच्या पंगतीतून सोयरीक जुळू नये हा होता. तुमच्या प्रेमाबद्दल कोणालाच शंका नाही. हा फार जुना नियम आहे आणि पाळणारे तो पाळतात.

मार्ग आहे. ज्यू माणसाने भाजण्यात किंवा शिजवण्यात सहभाग घेतला तर हा आक्षेप राहत नाही. पोळीसाठी शेगडीची काडी ओढणं, गॅस पेटवणं किंवा आधीच पेटलेल्या चुलीत एक लाकूड सारणं एवढंही पुरतं. भाताचं मात्र समाजागणिक बदलतं. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, रिवाजात विस्तव पेटवला की झालं. सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि मध्यपूर्वेकडच्या ज्यूंच्या, रिवाजात पातेलं विस्तवावर ज्यू माणसानेच ठेवावं लागतं. भारतातले ज्यू बहुतेक सेफार्दी वळणाचे आहेत. म्हणून पाहुण्याला सरळ म्हणा, “भात तुम्हीच चढवा.” माझ्या अनुभवात पाहुण्याला याने अवघडल्यासारखं होत नाही, उलट फार बरं वाटतं.

भांड्यांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. घरात मांस-मच्छी शिजत असेल, किंवा दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी नसतील, तर तुमच्या कढईत काहीही शिजवलं तरी पाहुणा खाणार नाही. नवं पातेलं, नवा तवा, नवी कालथी आणि जेवायला केळीचं पान किंवा पत्रावळ, ही सगळ्यात सोपी व्यवस्था. तेवढंही जमत नसेल तर न कापलेली फळं, शहाळं आणि साध्या लाह्या द्या.

पोहे आणि मलिदा यांचं काय?

पोहे आमच्या समाजाचा जीव आहेत. बेने इस्रायली घरात मूल झालं, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, प्रवासाहून कोणी सुखरूप परतलं, नवस फेडायचा आहे, अशा प्रत्येक प्रसंगी एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलिया) यांच्या नावाने मलिदा करतात. पातळ पोहे पाण्याने भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सुकामेवा घालायचा, भोवती फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि वाटायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात जिथे एलियाहू यांच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या अशी आमची श्रद्धा आहे, तिथेही लोक मलिदा घेऊन जातात.

नीट पाहिलं तर मलिद्यात दूध नाही, तूप नाही, मांस नाही. तो पूर्ण पार्वे आहे, म्हणून त्याच्यामागून मटणाचं जेवण वाढलं तरी चालतं. शतकानुशतकं बाकी ज्यू जगापासून तुटून कोकणात राहिलेल्या लोकांनी तांदूळ आणि नारळ यांच्या जोरावर किती स्वच्छ उत्तर काढलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. मांसाच्या रश्श्यातही आमच्याकडे दही-दुधाऐवजी नारळाचं दूध येतं, ते याच कारणाने.

पोह्यांना शिक्का लागत नाही. कीड मात्र नक्की पाहायची. फोडणीच्या पोह्यांत खरी अडचण वरच्या कोथिंबिरीची असते. पानांच्या घड्यांत बारीक मावा लपतो. जुडी मिठाच्या पाण्यात बुडवून, पानं वेगळी करून, उजेडात पाहून मगच घाला.

बिस्किटं, खारी, नानकटाई?

पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. “मिल्क सॉलिड्स” किंवा “व्हे पावडर” दिसलं की ते बिस्किट दुधाचं झालं. मांस खाल्ल्यावर त्यासाठी थांबावं लागतं. बऱ्याच समाजांत ही वेळ सहा तासांची असते.

इमल्सिफायरचे ३२२ आणि ४७१ हे आकडे बहुतेक बिस्किटांवर असतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, सहसा सोयाबीनचं, त्यात विशेष काळजी नाही. ४७१ वनस्पती तेलापासूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात ते वनस्पतीचंच असायला हवं, पण परदेशी पाकिटावर कोशेर शिक्का नसेल तर घेऊ नका. पीठ मऊ करण्यासाठी काही देशांत ९२० वापरतात, म्हणजे एल-सिस्टीन. ते पिसांपासून किंवा केसांपासून काढलेलं असू शकतं. त्याचा निर्णय प्रमाणपत्र देणारी संस्थाच करते, आपण घरी बसून करू नये.

खारी आणि नानकटाई सुट्टी घेतली तर तूप, वनस्पती की मार्गारिन हे कळायला मार्ग नसतो. घरी करा.

कणकेतून गोळा काढून जाळतात, ते काय?

तोरातल्या गणना या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आज्ञा आहे: भिजवलेल्या पिठाचा पहिला वाटा वेगळा काढायचा. हाच हल्ला. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा हा वाटा पुरोहितांना जाई. आता तो खाता येत नाही, म्हणून लहान गोळा काढून जाळतात. हा वाटा न काढलेला पाव ज्यू घरात कोशेर राहत नाही.

प्रमाण पिठावर ठरतं. प्रचलित हिशेबाने साधारण १२०० ग्रॅम पिठापासून वाटा काढायचा, आणि १६६६ ग्रॅमपासून पुढे त्यासोबत आशीर्वाद म्हणायचा. काही रब्बी याहून मोठं माप धरतात. चार माणसांच्या रोजच्या पोळ्यांना एवढी कणीक लागत नाही, त्यामुळे प्रश्न सहसा सणावारी किंवा मोठ्या कुटुंबातच येतो. गैर-ज्यू मालकाच्या पिठाला हा नियम लागू नाही. म्हणून बाहेरच्या बेकरीतल्या पावाबद्दल ही काळजी करायची नसते.

पोळी बेखमीरच असते. मग पेसाहमध्ये का चालत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने खरोखर विचार केलेला असतो.

पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण सण, मार्च-एप्रिलमध्ये येतो. इस्रायलमध्ये सात दिवस, बाहेर आठ. मिसरमधून निघताना पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. या दिवसांत पाच धान्यांपासून बनलेलं आणि आंबलेलं काहीही खायचं नाही, घरात ठेवायचंही नाही.

आता आंबणं म्हणजे नुसतं यीस्ट घालणं नव्हे. पिठाला पाणी लागल्यावर ते न हाताळता अठरा मिनिटं राहिलं की ते आंबलं असं धरतात. आपण कणीक मळून अर्धा तास मुरत ठेवतो, पोळी मऊ व्हावी म्हणून. तेवढ्यात ती हामेत्स झाली. शिवाय गिरण्यांतला मैदा दळण्याआधी गव्हाला पाणी मारून ओलसर करतात, म्हणून दुकानातलं साधं पीठही पेसाहला चालत नाही. मात्सा या पेसाहच्या बेखमीर भाकरीसाठी कापणीपासून किंवा निदान दळणापासून पाण्यापासून जपलेला गहू लागतो. मग पीठ, पाणी, लाटणं आणि भाजणं हे सगळं अठरा मिनिटांच्या आत उरकायचं, दर खेपेला लाटणी-पाट साफ करायचे. येमेनी ज्यूंचा मऊ मात्सा आपल्या पोळीसारखाच दिसतो, पण तो या सगळ्या नियमांत बसवून केलेला असतो.

कोकणातल्या जुन्या बेने इस्रायली घरांत या सणाचं नावच आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्यावरून पडलं होतं. तोरापासून इतकं दूर राहूनही आंबवणाशी असलेला संबंध त्यांनी सोडला नाही.

मग पेसाहमध्ये भात चालतो का?

कोणाला विचारता त्यावर आहे. अश्केनाझी ज्यूंमध्ये मध्ययुगापासून तांदूळ, मका, वाटाणा, डाळी, तीळ, मोहरी हे सगळं पेसाहला टाळण्याचा रिवाज आहे. याला कितनियोत म्हणतात. ही धान्यं हामेत्स होत नाहीत हे त्यांनाही मान्य आहे. पण ती गव्हासारखीच साठवतात, दळतात आणि शिजवतात, गव्हाचे दाणेही त्यांत मिसळतात, म्हणून लांबच राहायचं ठरलं. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने २०१५ साली हा निर्बंध उठवायला परवानगी दिली. ऑर्थोडॉक्स अश्केनाझी तो आजही पाळतात.

सेफार्दींमधले पुष्कळ जण भात खातात, आणि बेने इस्रायलीही. पण आधी तांदूळ दाणा-दाणा निवडायचे, रिवाजाप्रमाणे तीनदा, गव्हाचा एकही दाणा राहू नये म्हणून. तांदूळ साधे घ्या, जीवनसत्त्वं मिसळलेले फोर्टिफाइड नकोत. भाकरीसाठी पीठ हवं असेल तर चौकातल्या गिरणीत मुळीच देऊ नका. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्या दगडांत असतोच, आणि पेसाहमध्ये हामेत्सचा कणही चालत नाही. निवडलेले तांदूळ घरी जात्यावर दळा, किंवा पेसाहसाठीच ठेवलेल्या मिक्सरमध्ये.

यावरून एक विनंती. अश्केनाझी घरात लग्न होऊन गेलेल्या मुलीने पेसाहला भात खायचा की नाही, यावर नातेवाइकांनी वाद घालू नये. दोन्ही रिवाज खरे आहेत. त्या घराने आपल्या रब्बींना विचारावं.

इडली, आंबोळी, घावन, ढोकळा?

तांदूळ आणि उडदाची इडली रात्रभर आंबली तरी ती हामेत्स नाही, कारण पाच धान्यांतलं काही त्यात नाही. सेफार्दी रिवाजाच्या घरात, सगळे घटक निवडलेले असतील तर, ती पेसाहलाही चालते. अश्केनाझींना नाही. रवा इडली मात्र गव्हाची, म्हणून पेसाहमध्ये पूर्ण बंद. घावन तांदळाचे, चालतात. ढोकळ्यात रवा आहे का ते पाहा.

हिंगाचा काय संबंध?

मोठा संबंध आहे, आणि तो कोणाच्या ध्यानात येत नाही. डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. वर्षभर त्याने काही बिघडत नाही. पेसाहमध्ये गव्हाच्या पिठाचा हिंग म्हणजे सरळ हामेत्स. फोडणीच्या प्रत्येक भाजीत तो जातो, म्हणून सणाआधी घर साफ करताना मसाल्याचा डबा सर्वांत आधी उघडा. तयार मसाल्यांच्या पाकिटांवरही “हिंग” लिहिलेलं असतं, ती बाजूला काढा.

नव्या गव्हाबद्दल काही नियम आहे का?

आहे. तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या २३व्या अध्यायानुसार पाच धान्यांचं नवं पीक पेसाहच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या सोळा तारखेपर्यंत खायचं नाही. त्याआधी रुजलेलं पीक त्या दिवशी मोकळं होतं. इस्रायलबाहेर हा नियम किती काटेकोर पाळायचा यावर जुने मतभेद आहेत.

भारतात ही अडचण थोडी आहे. आपला गहू रब्बीचा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पेरतात, म्हणजे पेसाहच्या बऱ्याच आधी तो रुजलेला असतो. पेसाह उलटला की तो चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी झालेला मध्य भारताचा गहू तेवढे थोडे आठवडे थांबवावा लागतो. उत्तर अमेरिकेत पेसाहनंतर पेरणी होणारा वसंती गहू पुष्कळ असतो, म्हणून तिथल्या पाकिटांवर “योशन”, म्हणजे जुनं पीक, असं लिहिलेलं दिसतं. तांदूळ आणि ज्वारी यांना हा नियम नाही.

कॉर्नफ्लेक्स आणि नूडल्स?

कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा जवाचं मॉल्ट असतं. वर्षभर चालतं, पेसाहला नाही. नूडल्समध्ये प्रश्न मसाल्याच्या पुडीचा. दोन्ही शिक्का पाहूनच घ्या.

कोशेर शिक्का कसा ओळखायचा, आणि निर्यातीला लागतो का?

सर्वांत परिचित चिन्ह ऑर्थोडॉक्स युनियनचं, गोलात इंग्रजी यू अक्षर. शेजारी डी असेल तर पदार्थ दुधाचा. पी म्हणजे पेसाहला चालणारा. पुष्कळ जण त्याचा अर्थ पार्वे असा लावतात, तो चुकीचा आहे. स्टार-के आणि ओके याही मोठ्या संस्था आहेत. नुसतं के अक्षर छापलेलं असेल तर त्यामागे कोण आहे ते विचारा.

साधे तांदूळ, गहू किंवा डाळ निर्यात करताना धर्मनियमाने शिक्का लागत नाही, पण खरेदीदार पुष्कळदा मागतो. प्रक्रिया केलेल्या मालाला तो जवळजवळ लागतोच. ऑर्थोडॉक्स युनियन आणि स्टार-के भारतातल्या कारखान्यांनाही प्रमाणपत्र देतात. त्यांचे निरीक्षक प्रत्येक घटकाचा पुरवठादार, यंत्रांवर आणखी काय बनतं आणि वाफेची नळी कुठून कुठे जाते इथपर्यंत तपासतात. ही माहिती आधीच कागदावर तयार असेल तर तुमचा पुष्कळ वेळ वाचेल.

रोश हाशानाचा चिकाचा हलवा कॉर्नफ्लोअरने केला तर चालतो का?

चालतो. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेल्या चिकाची चव वेगळीच, आणि जमत असेल तर तोच करावा असं मला वाटतं. पण रोश हाशानाला हामेत्सचा प्रश्न नाही, आणि कॉर्नफ्लोअरला काही आक्षेपही नाही. जपायचं आहे ते नारळाच्या दुधाला. नारळाच्या दुधाच्या पावडरीत बहुतेक वेळा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलं प्रथिन. ती वापरली की हलवा दुधाचा झाला, आणि मटणाच्या जेवणानंतर तो वाढता येणार नाही. डबाबंद दूध घेत असाल तर घटक वाचा. घरी नारळ खवून, वाटून, पिळून काढलेल्या दुधाला हा प्रश्नच येत नाही.